ठेवणीतला चेहरा

"आई, हलू नका. ते तुमचा चेहरा पाठ करतंय."

"कुलूप?" सासूबाईंनी ओठ न हलवता विचारलं.

"हो. एकदा पाठ झाला की जन्मात विसरणार नाही."

सासूबाई दाराबाहेर ताठ उभ्या होत्या. फोटोच काढायचा म्हटल्यावर त्यांनी केस चापूनचोपून बसवले होते, ठेवणीतले कपडे घातले होते आणि चष्मा काढून मुलीच्या हातात दिला होता. फोटोत चष्मा चांगला दिसत नाही, हे त्यांचं जुनं मत. चष्म्याशिवाय त्यांना कुलूप दिसत नव्हतं, पण कुलपाला त्या दिसत होत्या आणि तेवढ्यावर जावईबापू खूश होते.

जावईबापूंना घरात आणि दारात यंत्रोबा म्हणत. हे नाव बायकोने ठेवलं होतं आणि ते अजिबात कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. पाणीपुरवठा कार्यालयात फायली हलवणारा हा गृहस्थ घरी आला की वायरींत रमायचा. त्यांच्या घरात टाळी वाजवली की लागणारा दिवा होता. तो डास मारला तरी लागायचा. आपोआप केर काढणारं एक चाकांचं यंत्र होतं, ते पलंगाखाली अडकून बसायचं आणि मग त्याच्यासाठी घरातल्या दोन माणसांना पलंग उचलावा लागायचा. बायकोने हे सगळं सहन केलं होतं. या वेळी मात्र तिने हात जोडले होते.

कारणही तसंच होतं. सासूबाई एकट्या राहायच्या आणि मागच्याच महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. कुणी येईपर्यंत बराच वेळ तशाच पडून होत्या. तेव्हापासून लेकीची झोप उडाली होती. आई, आता आमच्याकडेच चल, म्हणून तिने लकडा लावला. शेवटी सासूबाई कशाबशा तयार झाल्या, पण बजावून.

"आठ दिवस राहून बघते. पण मला किल्ली हवी. जिथे बेल वाजवून आत जावं लागतं, तिथे माणूस पाहुणाच. पाहुणी म्हणून मी जन्मभर राहायची नाही."

"अहो, एवढे आठ दिवस नीट जाऊ द्या," बायको यंत्रोबांना म्हणाली. "दुसरं काही मागत नाही. आईला एक किल्ली करून आणा, बस्स."

आता तुम्हीआम्ही काय केलं असतं? कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याकडे गेलो असतो आणि किल्ली करून आणली असती. यंत्रोबांनी किल्लीचं भोकच बुजवून टाकलं आणि त्या जागी चेहरा ओळखणारं कुलूप बसवलं.

"किल्ली हरवते, आई. चेहरा कुठे हरवतो? आणि सुरक्षा तर अशी की विचारू नका! एकदा भोंगा वाजला की मग ते कुणालाच जुमानत नाही. माझा चेहरा दाखवा, माझा फोन दाखवा, देव खाली आला तरी उघडणार नाही. आतून हाताने मूठ फिरवली तरच."

"अहो, आईचा जरा रोजचा चेहरा घ्या ना," बायको हळूच म्हणाली.

सासूबाईंनी लेकीकडे असं पाहिलं की ती जागच्या जागी गप्प झाली.

"चेहरा म्हणजे चेहरा!" यंत्रोबा म्हणाले. "त्यात रोजचा आणि ठेवणीतला असं असतं का कुठे?"

असतं. आणि ते कसं, हे तुमच्या कानात सांगून ठेवलं पाहिजे. सासूबाईंना कवळी होती. तोंडात स्वतःचा म्हणावा असा एक दात शिल्लक नव्हता. पण जावयासमोर बोळक्या तोंडाने जायचं म्हणजे काय! लग्न ठरलं त्या दिवसापासून त्यांनी हे गुपित जपलं होतं आणि लेकीला शपथ घातली होती. जावई घरात असेपर्यंत कवळी तोंडात. तो बाहेर पडला, की कवळी निघून पाण्याच्या पेल्यात, नाकावर जाड भिंगांचा चष्मा आणि डोक्याला फडकं. हिरड्यांना बिचाऱ्यांना तेवढीच सुट्टी. यंत्रोबांना यातलं काडीइतकंही ठाऊक नव्हतं.

पहिले काही दिवस छान गेले. संध्याकाळी सासूबाई जावयासोबत फेरफटका मारून यायच्या, कुलपापुढे उभ्या राहायच्या, चष्मा काढायच्या आणि कुलूप गोड बाईच्या आवाजात म्हणायचं, "स्वागत आहे, आई." सासूबाई खुदकन हसायच्या. "काही म्हणा जावईबापू, माणसांपेक्षा बरं आहे. न चुकता बोलतं." लेकीच्या जिवात जीव आला.

मग एका दुपारी, घरात कुणी नसताना, सासूबाई केराची पिशवी बाहेर ठेवायला म्हणून दाराबाहेर आल्या आणि पाठीमागे दार आपोआप लागलं.

त्या कुलपापुढे गेल्या.

"चेहरा ओळखीचा नाही," कुलूप म्हणालं. "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

त्याच वेळी पाणीपुरवठा कार्यालयात मोठ्या साहेबांची बैठक चालली होती. यंत्रोबांचा फोन थरथरला. 'दारात अनोळखी व्यक्ती' आणि खाली फोटो. फोटोत कॅमेऱ्याला नाक लावून उभी असलेली एक म्हातारी. डोक्याला फडकं, बाटलीच्या बुडासारखा चष्मा, गालांचे खड्डे झालेले. दुसऱ्या फोटोत ती हसत होती. तिसऱ्यात रागावली होती. चौथ्यात, कुलपाने पुन्हा एकदा नम्रपणे नकार दिल्यावर, तिने चक्क जीभ बाहेर काढली होती.

"साहेब, माफ करा, माझ्या घरी चोर आलाय!"

बैठक जागच्या जागी मोडली. सगळे फोनभोवती गोळा झाले.

"अट्टल दिसतेय," हेडक्लार्क म्हणाले. "कुलपाला वाकुल्या दाखवतेय, म्हणजे बघा!"

"तो चष्मासुद्धा खोटा असणार," साहेबांनी मत दिलं. "वेश बदललाय."

"आणि माझ्या सासूबाई आत एकट्या आहेत हो! परवाच पडल्यात!" यंत्रोबांनी फोनवरचं बोलण्याचं बटण दाबलं आणि ओरडले, "ए म्हातारे! कुणाच्या दाराशी खेळतेस? सगळं दिसतंय मला इथून! मागे हो!"

दारातली म्हातारी एकदम दचकली. आवाज तिने बरोबर ओळखला होता. तिने घाईघाईने तोंडावर हात नेला आणि डोक्यावरचं फडकं ओढून सगळा चेहरा झाकून घेतला.

"पाहिलंत? तोंड लपवतेय!" हेडक्लार्क म्हणाले. "दाबा भोंगा!"

यंत्रोबांनी भोंगा दाबला. मग जिन्यातून खाली उतरता उतरता दवाखान्यात ड्यूटीवर असलेल्या बायकोला फोन लावला.

"अगं, घरात चोर शिरतोय! म्हणजे शिरतेय! आईंना फोन करून सांग, काही झालं तरी दार उघडू नका म्हणावं!"

"चोर? कशी दिसते?"

"भयंकर! दात नाहीत, डोक्याला फडकं, हा एवढा जाड चष्मा..."

पलीकडे काहीतरी खणकन खाली पडलं.

"अगं, ऐकतेस ना?"

"अहो," बायको म्हणाली, "काय करून बसलात हो तुम्ही! घरी जा. मी निघतेच. आणि तोपर्यंत कृपा करून तोंड उघडू नका."

यंत्रोबा धापा टाकत घरी पोचले तेव्हा अख्खी इमारत कानांवर हात ठेवून जिन्यात उभी होती. भोंगा चालूच होता. शेजारच्या घरातल्या शिलाईबाई गळ्यातली टेप सावरत दारात उभ्या होत्या.

"चोर पळाला?" यंत्रोबांनी विचारलं. "आई कुठायत? बऱ्या आहेत ना?"

"माझ्या आतल्या खोलीत बसल्यात. दार लावून घेतलंय. कुणाला तोंड दाखवायचं नाही म्हणतात." शिलाईबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "आणि लेकीला निरोप आहे. बॅग भर म्हणावं, मी उद्या निघते."

"साहजिक आहे, घाबरल्या असतील. चोरटीने धक्काबिक्का दिला का त्यांना?"

शिलाईबाईंनी कपाळाला हात लावला.

यंत्रोबा कुलपापुढे गेले. कुलपाने त्यांच्या चेहऱ्याला भीक घातली नाही. फोन दाखवला, तोही फुकट. त्यांचंच कौतुकाचं वैशिष्ट्य त्यांच्याच मुळावर आलं होतं. शेवटी शिलाईबाईंच्या गॅलरीतून स्वतःच्या गॅलरीत उतरायचं ठरलं. उतरले, पण आपल्याच कपडे वाळत घालायच्या दांडीवर नाक आपटून. तसंच नाक धरून त्यांनी आतून मूठ फिरवली, भोंगा थांबला आणि ते रक्त धुवायला न्हाणीघरात गेले.

तिथे फळीवर पेला होता. पेल्यात पाणी होतं आणि पाण्यात सासूबाईंचं हसू होतं. लग्नाच्या फोटोतलं, रोज सकाळी चहाच्या वेळचं, परवा कुलपाला ऐकवलेलं, अगदी तेच हसू. फक्त त्याच्याभोवती सासूबाई नव्हत्या.

यंत्रोबांनी फोन काढला. चारही फोटो पुन्हा एकदा पाहिले. जिभेचा जरा जास्त वेळ पाहिला. मग ते तिथेच उलट्या बादलीवर मटकन बसले. 'ए म्हातारे.' आपल्याच सासूला, सगळ्या कार्यालयादेखत! धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

थोड्या वेळाने ते उठले. पेल्यावर बशी झाकली, बशीवर स्वच्छ नॅपकिन टाकला आणि दोन्ही हातांनी धरून तो पेला शिलाईबाईंच्या आतल्या दारापाशी नेला.

"आई, दार किलकिलं करा. तुमचं... पाणी राहिलं होतं घरात."

दार चार बोटं उघडलं. एक हात बाहेर आला, पेला घेऊन आत गेला. मग सासूबाई बाहेर आल्या. केस नीट, चष्मा हातात, दात जागेवर.

"सापडली का ती बाई?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"नाही आई. चोर नव्हतीच ती. माझीच घोडचूक झाली. फार वाईट बोललो मी त्यांना."

"एकेरीवर आलात म्हणे."

"आलो."

"म्हातारे म्हणालात म्हणे."

"म्हणालो. भेटल्या तर त्यांना सांगाल का, की मला लाज वाटतेय? अगदी मनापासून."

"सांगेन. पण ती आता इथे राहील असं वाटत नाही. जिथे आपला चेहरा ओळखत नाहीत, तिथे कशाला राहावं माणसाने?"

"आई, कुलपाचं काही चुकलं नाही. त्याला जो दाखवला तोच त्याने ओळखला. मी तर माणूस आहे ना? इतकी वर्षं मीही एकच चेहरा बघून खूश होतो." त्यांनी सुजलेलं नाक पुसलं. "उद्या सकाळी मी ते कुलूप उपटतो. किल्ली आणतो. तुम्ही राहा. ही रात्ररात्र जागी असते हो तुमच्या काळजीने."

एवढ्यात बायको धावत आली. आईकडे पाहिलं, नवऱ्याच्या नाकाकडे पाहिलं आणि ती घरात चहा टाकायला गेली. बॅग मात्र त्या संध्याकाळी कुणी भरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रोबा नाकावर पट्टी लावून, हातात पेचकस घेऊन दारापाशी उभे होते. पाठीमागे पावलं वाजली.

"थांबा, जावईबापू."

त्यांनी वळून पाहिलं. डोक्याला फडकं, जाड चष्मा, गालांना खड्डे. जावयासमोर जन्मात पहिल्यांदा सासूबाई बोळक्या तोंडाने उभ्या होत्या. बायकोच्या हातातला कप तसाच राहिला.

"ह्या बाईचाही चेहरा घालून ठेवा त्यात," सासूबाई म्हणाल्या. "नेहमीची आहे."

यंत्रोबांनी गुपचूप फोन काढला. सासूबाई कुलपापुढे उभ्या राहिल्या आणि मग त्यांनाच हसू फुटलं. तोंडभर, मनमोकळं, हिरड्या दाखवून.

"नाव काय लिहू, आई?"

"त्या दुसरीपुढे लिहा 'पाहुणी'. माझ्यापुढे 'घरची'."

बायको घरात गेली. डोळे पुसायला गेली होती, पण वाटेत तिने नाक शिंकरलं आणि दिवा लागला.

त्या संध्याकाळी यंत्रोबा शीळ घालत घरी आले आणि रुबाबात कुलपापुढे उभे राहिले. नाक आता वांग्याएवढं झालं होतं आणि त्यावर आडवी पट्टी होती.

"चेहरा ओळखीचा नाही," कुलूप म्हणालं.

ते हसले. कुलूप हललं नाही. ते रागावले. शेवटी इकडेतिकडे कुणी नाही असं बघून त्यांनी जीभ दाखवली.

"ए बाबा!" कुलपातून आवाज आला. "कुणाच्या दाराशी खेळतोस? सगळं दिसतंय मला इथून! मागे हो!"

"आई, मी! मी आहे!"

"तोंड दाखवतोय बघा निर्लज्ज! शिलाईबाई, दाबू का भोंगा?"

"आई, नको! पाया पडतो!" यंत्रोबांनी बेलवर बोट दाबलं ते दाबलंच.

दार उघडलं. सासूबाई बोळक्या तोंडाने हसत उभ्या होत्या, हातात लेकीचा फोन. पाठीमागे शिलाईबाई पोट धरून खुर्चीत कोसळल्या होत्या. यंत्रोबांची नजर दारावर गेली. कुलपाच्या खाली एक नवं कोरं भोक होतं, किल्लीचं. दुपारी कुलूपवाला येऊन गेला होता.

"चेहऱ्याचा काय भरवसा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी यंत्रोबांच्या हातावर एक चकचकीत किल्ली ठेवली. "ही तुमची. आपल्या घरी यायला बेल कशाला वाजवायची?"