इसिल्डाबाईंच्या पुडिंगाची मोहीम

मौजे मँगो रिज, परगणे सेंट एलिझाबेथ, मुलूख जमैका, येथील वडीलधाऱ्यांनी आज्ञा केली की, सुगीच्या उत्सवात मकापिठाचे पुडिंग कैसे सिद्धीस गेले ती हकीकत यथास्थित लिहोन ठेवावी, नाहीतर पुढे कोणी भलतेच सांगेल. ऐशास सेवकाने डोळां देखिले तैसे लिहिले आहे. जेथे देखिले नाही तेथे वास घेतला आहे.

चर्चच्या मेजावरील मधली जागा बावीस वर्षे इसिल्डाबाईंच्या पुडिंगाची, आणि शेजारच्या मर्लीनबाई बावीस वर्षे त्या जागेवर नजर ठेवोन. त्या साली इसिल्डाबाईसाहेबांचा उजवा हात मोडोन प्लास्टरात कैद जाहला, आणि मग पुडिंगाची सरदारी टोरांटोहून आलेली सून शर्नेट हीस बहाल करणे प्राप्त जाहले. जागा गेली की अब्रू गेली, हे उभयतां जाणून होत्या.

बाईसाहेबांचे माप एकच, आटीव दुधाचा रिकामा डबा. "सहा डबे पीठ, बारा डबे नारळाचं दूध," इतके फर्मान सोडोन त्या ओसरीवर जाऊन बसल्या. नारळाचे दूध सुनेने डब्यानेच मोजिले. परंतु टोरांटोकडील लोक तोलल्याविना पिठास हात लावीत नाहीत, सबब तिने बॅगेतून विजेचा काटा काढिला. डब्यावर ३९७ ग्रॅम ऐसे छापिले होते, ते पाहोन तिने त्याची सहापट केली, आणि दोन किलो चारशेच्या आसपास पीठ तोलोन दुधात सोडिले.

पुढे जो प्रसंग गुदरला तो लिहिता लेखणी कापते. पीठ फुगले, आणि मग चमचा कोणी धरिला नसता मधोमध निशाणासारखा उभा राहिला.

"अगं, हे पुडिंग आहे की भिंतीचा गिलावा?"

"आई, मी एका ग्रॅमनंही चुकले नाही!"

"मग तुझा काटा चुकला. टाक तो बकरीपुढे!"

हुकुमाची तामिली होणार, इतक्यात सुनेने अर्ज केला की, आरोपीस एकवार बोलू द्यावे. मग डबा पिठाने भरोन आतील पीठ तोलिले, तो भरले अवघे एकशे नव्वद.

"आई, डब्यावरचं वजन आटीव दुधाचं आहे हो! ते दूध जड, पीठ हलकं. दुप्पट पीठ पडलं."

"तुला वाचायला सांगितलं होतं कुणी? बावीस वर्षांत मी तो डबा एकदासुद्धा वाचला नाही!"

मग मसलत बसली. पडलेले पीठ माघारी फिरविणे अशक्य, तेव्हा बाकीची फौज दुप्पट करावी ऐसे ठरले. आणि पुन्हा नारळ फोडिले, आणि साखर, बेदाणे, जायफळ यांची कुमक ओतिली, आणि मग ध्यानी आले की, सैन्य दुप्पट आणि भांडे एकच. तितके थोर भांडे साऱ्या मौजात आणिक एकाच घरी, ते मर्लीनबाईंचे. बाईसाहेब प्लास्टरासहित जातीने वाटाघाटीस निघाल्या.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात आलीस, इसिल्डे. कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. भांडं दे."

"जीभपण मोडलीय का?"

"मर्लीन, कृपा करून भांडं दे. झालं समाधान?"

"ऐकू नाही आलं."

बाईसाहेब पुन्हा म्हणाल्या. तह ऐसा जाहला की, दोन्ही भांडी मेजाच्या मध्यभागी खांद्याला खांदा लावोन राहावी. मग तळी निखारे आणि झाकणावर निखारे, ऐसा दुहेरी वेढा तिसऱ्या प्रहरापर्यंत चालिला.

रविवारी पाद्रीसाहेबांनी एका भांड्यातील खाल्ले, मग दुसऱ्यातील, मग पुन्हा पहिल्यातील, आणि हा हात कोणाचा ऐसे पुसिले.

"भांडं माझं," मर्लीनबाई चपळाईने बोलिल्या.

इसिल्डाबाईंनी प्लास्टर उंचाविले, आणि साऱ्या सभेस ऐकू जाईल ऐशा आवाजात जाहीर केले, "हात माझ्या सुनेचा. माझा हा इथे मोडून पडलाय."

येणेप्रमाणे फत्ते जाहली आणि जागा राहिली. कामास आले नारळ चौदा, जायफळे दोन; जायबंदी चमचा एक. मर्लीनबाईंचे भांडे अद्याप इसिल्डाबाईंचे स्वयंपाकघरी असोन, बोलणी चालू आहेत.