सव्वा डॉलरची पुंगळी

शनिवारी सकाळी देवदत्त सबनीस बेसमेंटमध्ये उतरला, टेबलावरची बरणी उघडली आणि मोजायला बसला. बरणीत चव्वेचाळीस कॅलिबरच्या साठ रिकाम्या पुंगळ्या असायला हव्या होत्या. चौदा होत्या. त्याने पुन्हा मोजल्या. चौदाच.

देवदत्त कॅल्गरीतल्या एका तेल कंपनीत इंजिनिअर होता आणि रीतसर लायसन्स असलेला नेमबाज होता. महिन्यातून दोनदा शूटिंग रेंजवर जाऊन आपल्या भल्यामोठ्या रिव्हॉल्व्हरने तो कागदाला भोकं पाडायचा. त्या रिव्हॉल्व्हरची एक गोळी दुकानात पावणेदोन डॉलरला पडे. म्हणून झाडलेल्या पुंगळ्या तो घरी आणायचा, बुडातला वापरलेला प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, ठोकून काढायचा, पितळ लख्ख करायचा आणि नवा प्रायमर, मोजून बंदुकीची दारू, वर शिसं असं भरून पुन्हा गोळी तयार करायचा. सीमाला, म्हणजे बायकोला, त्याने गोळीमागे चाळीस सेंट असा हिशेब सांगितला होता. तो चार वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात प्रायमर महागले, दारू महागली, आणि नवी पुंगळी तर सव्वा डॉलर मोजूनही मिळेनाशी झाली. हे सांगायचं राहून गेलं होतं. ‘पुंगळ्यांचं काय, त्या फुकटच,’ एवढं मात्र त्याने तिला चारदा ऐकवलं होतं.

चोर शिरला असता तर टीव्ही गेला असता. पुंगळीची किंमत कळणारा ओळखीतला माणूस एकच, लिओनेल तुस्कानो. मूळचा वसईचा, रेंजवर शेजारच्या लेनमध्ये उभा राहणारा, आणि कॅलिबरही तेच. मागच्या रविवारी तो इथेच बसून ‘नाइस ब्रास, देवा’ म्हणाला होता. तेव्हा देवदत्तला ते कौतुक वाटलं होतं.

तो थेट लिओनेलच्या घरी गेला.

“तुझ्याकडे सध्या किती पुंगळ्या आहेत रे?” चहाचा घोट घेत त्याने विचारलं.

“का?”

“सहज.”

“असं सहज कोण विचारतं?” लिओनेलने डोळे बारीक केले.

तेवढ्यात देवदत्तची नजर कोपऱ्यातल्या मदर मेरीच्या पुतळ्याकडे गेली. पुढे एक बारीक मेणबत्ती लावलेली होती. ती ज्यात खोचली होती ती पुंगळी होती, चव्वेचाळीसची.

“नोरा, हे कुठून घेतलंस?” त्याने लिओनेलच्या बायकोला विचारलं.

“घेतलं कुठून काय, सीमाने दिलं. तिच्याकडे हळदीकुंकू होतं ना, सगळ्यांना वाण म्हणून एकेक दिलं. अगरबत्तीचं स्टँड आहे म्हणाली. मी उलटं करून कॅण्डल लावली.”

“मला वाटलं हिने माझीच उचलली,” लिओनेल म्हणाला. “चार दिवस मी हिच्याशी धड बोललो नाहीये.”

गाडीत बसल्यावर देवदत्तला उलगडा झाला. वाणाचं पार्सल स्नोमुळे अडकलं असणार, आणि सीमाला खाली चकचकीत पितळ दिसलं असणार. प्रायमर काढलेल्या पुंगळीच्या बुडाला बारीक भोक असतं, त्यात अगरबत्ती अगदी नेमकी बसते. शेहेचाळीस बायका, शेहेचाळीस पुंगळ्या. आता परत मागायच्या तर सीमा विचारणार, फुकटच्या वस्तूसाठी जीव का टाकतोस? म्हणून त्याने त्या गुपचूप गोळा करायचं ठरवलं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर लाकडी अगरबत्तीदाण्यांची पिशवी घेऊन, उणे चोवीसमध्ये, तो पहिल्यांदा सीमाच्या मैत्रिणीकडे, अक्षराकडे गेला.

“ते पितळी स्टँड रिकॉल केलंय, परत मागवलंय,” तो म्हणाला. “बदली हे घे.”

“कोणी रिकॉल केलं?”

“कंपनीने.”

“मग सीमाने ग्रुपवर का नाही टाकलं?”

“तिला नको सांगूस. तिला वाईट वाटेल.”

अक्षराने स्टँड दिलं खरं, पण त्याची गाडी वळेपर्यंत ती खिडकीत उभी होती.

पुढच्या घरची जाई जरा चिवट निघाली. “देवासमोरची वस्तू आहे दादा, अशी कशी देऊ?”

देवदत्तला थंडी वाजत होती. तो म्हणाला, “दहा डॉलर देतो.”

जाईने एकदा त्याच्याकडे आणि एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं. “विचार करून सांगते,” असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

मंगळवारी दुपारपर्यंत बायकांच्या ग्रुपवर निकाल लागला होता. पितळेच्या तुकड्यासाठी कोणी ऐन विंटरमध्ये दारोदार फिरतं का? दहा डॉलर देतो म्हणतो, आणि वर बायकोला सांगू नका म्हणतो? वजन बघा, रंग बघा. सोनंच आहे. संध्याकाळी देवदत्त पाच घरी गेला. पाचही घरी स्टँड हरवलेलं होतं. घरी येतो तर अक्षराचा नवरा स्वानंद दारातच थांबलेला. “बायकोचं स्टँड परत दे बाबा,” तो म्हणाला आणि घेऊनच गेला.

बुधवारी जेवताना सीमाने विचारलं, “माझ्यापासून काय लपवतोयस?”

देवदत्तने ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगून टाकलं. प्रायमर, दारू, पुंगळी, सगळं.

“म्हणजे गोळीमागे चाळीस नाही, नव्वद सेंट,” सीमा म्हणाली.

“साधारण.”

“आणि पुंगळी नवी घेतली तर?”

“दोन डॉलर पंधरा.”

“दुकानात पावणेदोनला मिळते ना?”

देवदत्तने ताट पुन्हा ओढलं आणि भातातली मिरची शोधायला घेतली.

“आणि सव्वा डॉलरच्या पितळेसाठी तू हे सगळं केलंस?”

“हो.”

“सोळा वर्षं संसार करतेय तुझ्याबरोबर,” सीमा शांतपणे म्हणाली. “तू चिकट आहेस, पण एवढा मूर्ख नाहीयेस. खरं काय ते सांग.”

“हेच खरं आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि ताटं उचलू लागली.

शनिवारी तो उरलेल्या चौदा तरी भराव्यात म्हणून खाली गेला. टेबलावर बरणी नव्हती.

“सीमा, बरणी कुठेय?”

“बँकेच्या लॉकरमध्ये,” वरून आवाज आला. “माझ्या एकटीच्या नावावर घेतलाय.”

देवदत्तने लिओनेलच्या घरी फोन लावला. या शहरात त्याचं म्हणणं पटेल असा तोच एक माणूस होता. स्वतः गोळ्या भरणारा, पुंगळी म्हणजे काय ते जाणणारा. वीसेक उसन्या मागायच्या होत्या.

फोन नोराने उचलला.

“लिओनेल नाहीये,” ती म्हणाली. “सोनाराकडे गेलाय. आमच्याकडच्याही सगळ्या घेऊन गेलाय.”