पायऱ्यांचे मार्क

कोराडीच्या वसाहतीत राखेला शिव्या न घालणारं एकच घर होतं, आमच्या शेजारचं. वीजकेंद्राच्या चिमण्यांतून निघालेली राख सकाळी सगळीकडे पसरलेली असायची: खिडक्यांवर, सायकलींवर, वाळत घातलेल्या चादरींवर. आई झाडू आपटत असायची आणि पलीकडच्या व्हरांड्यात रामटेके काका कठड्याकडे बघून खुशीत म्हणायचे, "आज थर मस्त बसला." मग त्या थरात बोटानं गणित मांडायचे. त्यांच्या कठड्याला फडका लावायची कुणाला परवानगी नव्हती.

कठडा पुरला नाही की स्कूटरच्या सीटा होत्याच. एकदा मोठ्या साहेबांच्या जीपच्या बॉनेटवर त्यांनी वर्तुळाचा एक सिद्धांत अर्ध्यापर्यंत आणला होता. ड्रायव्हरनं तो पुसला म्हणून साहेबांच्या देखत त्याला झापलं. साहेबांना वाटलं, जीप नीट पुसत नाही म्हणून बोलणं चाललंय. त्यांनी मान डोलावून काकांना दुजोरा दिला.

काका वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत कोळसा तपासायचे. वसाहतीत बी. एस्सी. झालेले मोजकेच, त्यांतले एक. पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे डोक्याला ताप. "कसं काय काका?" विचारलं तर "बरं हाय" म्हणून सुटका नाही. काल शिंका आल्या, म्हणून काढा घेतला, काढा घेतला म्हणून झोप लागली, झोप लागली म्हणून बरं हाय. "साडेआठची बस गेली" म्हणालात तर लगेच, "कशावरून?" आम्हा मुलांपैकी कुणी उत्तर सांगितलं की बोट नाचवायचे. "उत्तर कोनालेही येते गा. पायऱ्या दाखव, पायऱ्या!" उत्तर चुकलं पण पायऱ्या नीट असल्या तर अर्धे मार्क. उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब, तर शून्य.

लग्न झालं नव्हतं. म्हणे जरीपटक्याला मुलगी बघायला गेले तेव्हा तिला एक गणित घातलं. तिनं चहाचा कप हातात देता देता उत्तर सांगितलं. काकांनी पायऱ्या मागितल्या. मुलगी म्हणाली, "आधी चहा प्या." पुढे ते जमलं नाही. आई हसत हसत हे सांगायची आणि शेवटी म्हणायची, "सुटली बिचारी."

मी मात्र सुटले नाही. आठवीत असताना काकांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण आणलं. गणित आणि विज्ञानासाठी केंद्र सरकारची एक निवासी शाळा होती, दूर परराज्यात. परीक्षा घेऊन मुलं निवडायची, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं शाळेचं. "शीले, तू इथं जाशीन," काका म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

आणि खरं सांगते, मलाही जायचं होतं. फार जायचं होतं. राख नसलेलं गाव, दुर्बीण असलेली शाळा, स्वतःचं टेबल. वर्षभर मी रोज संध्याकाळी त्या कठड्यापाशी उभी राहिले. पावसाळ्यात राख बसत नाही म्हणून काका चिडायचे आणि नाइलाजानं पाटी काढायचे. माझी बोटं कायम राखाडी असायची. "काहून वं, पायरी गाळून राहिली?" हे वाक्य मला झोपेतही ऐकू यायचं.

फॉर्म भरायचं काम अर्थातच काकांचं. त्यांनी आधी तो फॉर्म हातानं उतरवून घेतला, त्या नकलेवर तीनदा पेन्सिलीनं सराव केला, मग खऱ्या फॉर्मवर शाई. फॉर्म इंग्रजीत होता; काकांनी दाखवलं तिथं बाबांनी सही केली आणि एक पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यात बाबांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला होता. आमच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली. दाखला त्याच्या आधीचा. त्यावर 'हिंदू महार' लिहिलेलं. केंद्राच्या राखीव जागा तेव्हा बौद्धांना नव्हत्या. धर्म बदलला म्हणजे जात गेली, जात गेली म्हणजे सवलत गेली, असं सरकारनं ठरवून टाकलं होतं. आम्हाला शिवायचं की नाही हे ठरवणाऱ्यांना मात्र जात गेल्याचं कुणी कळवलं नव्हतं. त्यामुळे घरात बौद्ध आणि फॉर्मवर हिंदू, असं कितीतरी लोक करायचे. कुणी कुणाला नावं ठेवत नसे.

नागपूरच्या केंद्रावर मी परीक्षा दिली. काका फाटकाबाहेर उन्हात तीन तास उभे होते. बाहेर येताच त्यांनी विचारलं, "पायऱ्या?" मी म्हटलं, "सगळ्या." त्यांनी मला संत्र्याचा रस पाजला आणि स्वतः प्यायचं विसरले.

पत्र आलं ते इंग्रजीत. बाबा ते घेऊन काकांकडे गेले, मागोमाग मी. काकांनी चष्मा लावून वाचलं, खाली ठेवलं आणि नेहमीसारखं समजावून सांगायला लागले.

"पायरी एक. पोरगी पास झाली. पायरी दोन. खुल्या जागा तिच्या वरच्या पोरायनं भरल्या. पायरी तीन. राखीव जागेत नाव बसलं असतं, पन दाखला जोडला नाही. पायरी चार." ते थांबले. "दाखला मीच नाही जोडला. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिवलं."

आत जाऊन त्यांनी पाकीट आणलं आणि बाबांच्या हातात ठेवलं. दाखल्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

बाबा ओरडतील असं मला वाटलं होतं. ते घरी गेले, पाण्यानं भरलेली बादली घेऊन आले आणि काकांच्या कठड्यावर ओतली. राखेचा काळा ओघळ व्हरांडाभर पसरला. "माह्या पोरीची जागा खाल्ली तुनं, रामटेके," एवढंच म्हणाले. काका भिंतीला टेकून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी "कशावरून?" असं विचारलं नाही.

त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. मी साडेआठच्या बसनं नागपूरच्या शाळेत जाऊ लागले. वर्गात साठ मुली, आणि गणिताच्या बाई उत्तरं फळ्यावर लिहून स्वेटर विणत बसायच्या. काका दिसले की मी मान फिरवायची. त्यांनी कठडा रोज पुसायला सुरुवात केली होती, हे मला आई बोलल्यावर कळलं.

वर्षभरानं त्यांची बदली झाली. ट्रकमध्ये सामान चढत होतं. सामान कसलं, एक खाट, दोन पेट्या, पाटी. मी शाळेतून येत होते. काकांनी फाटकात गाठलं आणि एक पिवळा पडलेला कागद पुढे केला.

"हे वाच."

कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची नक्कल होती, त्यांच्याच अक्षरात, केंद्र सरकारच्या नावे. धर्म: हिंदू.

"ह्याच्यावर बी. एस्सी. झालो," काका म्हणाले. "बाप उमरेडले मागावर बसे. दीक्षा घ्याले पायी आलता नागपूरले, मले खांद्यावर नाही, हाताले धरून, कारन मी मोठा होतो, समजत होतं मले. शिष्यवृत्ती भेटली म्हनून पेढे घेऊन गेलो. त्यानं अर्ज पाह्यला. काही नाही बोलला, विनतच राह्यला. मंग मरेपर्यंत नाही बोलला माह्याशी. सहा वर्सं." त्यांनी कागदाची घडी केली. "उत्तर बराबर आलं होतं वं. पायरी दाखवता नाही आली. तुह्यावर हे येऊ नये म्हनून..."

मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता. पंधरा वर्षांची होते. मी म्हटलं, "मला विचारलं होतं का तुम्ही?"

काकांनी घडी केलेला कागद खिशात घातला.

"विचारलं असतं तर मी हिंदू लिहिलं असतं," मी म्हटलं. "दहा वेळा लिहिलं असतं. मला जायचं होतं."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. "बराबर हाय. तुले विचाराची पायरी मीच गाळली." मग हसायचा प्रयत्न केला. "उत्तर चुकलं माहं, हे कबूल. बाकीच्या पायऱ्याचे तरी देशीन का? अर्धे?"

ट्रकवाला हॉर्न देत होता. मी दप्तर खांद्यावर सरकवलं आणि घरात निघून गेले.

पुढे मी पाटबंधारे खात्यात कारकून झाले. कुठल्या दुर्बिणीत मी कधी डोकावले नाही, आणि त्याबद्दल काकांना मी आजही पूर्ण माफ केलेलं नाही. पण अर्धे मार्क तेव्हा द्यायला हवे होते. माणूस फाटकात उभा राहून मागत होता.