कागदावरचं वजन

भोंगाआजीने नातीला टांगत्या काट्याच्या झोळीत ठेवलं. सुई इतकी कमी सरकली, की नर्सबाईंनी काट्यालाच एक टपली मारली. सुई तिथेच राहिली.

"फारच कमी भरते हो," नर्सबाई म्हणाल्या.

"म्हणजे मिळेल ना?" आजीने विचारलं आणि विचारल्याबरोबर तिची तिलाच लाज वाटली. नात वाळली आहे हे ऐकून जीव भांड्यात पडावा, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

पण आली होती. सून मोठ्या तापातून उठली आणि तिच्या अंगावरचं दूध आटलं. मुलगा कामाच्या शोधात परगावी गेला, तो अजून शोधतच होता. घरात पिठाची पातळ पेज शिजायची, आणि बाळ ती जिभेने बाहेर ढकलायचं. कमी वजनाच्या बाळाला आणि त्याच्या आईला दूधपावडर, डाळ, तेल देण्याची योजना निघाल्याचं कळलं, तेव्हा दोघी बाळाला दुपट्यात गुंडाळून कचेरीत आल्या होत्या.

आजीचा सगळा जन्म सूतगिरणीत गेला होता. यंत्रांच्या खडखडाटात बोलून बोलून तिचा आवाज असा झाला होता, की ती कानात कुजबुजली तरी तीन घरं पलीकडे कळे. गल्लीने उगाच नाही तिला भोंगाआजी म्हटलं.

वजनाची नोंद केलेला अर्ज घेऊन ती खिडकीशी गेली. आत डोक्यावर पंखा गरगरत होता. कारकून एका हाताने अर्जांचा गठ्ठा दाबून धरून दुसऱ्या हाताने शिक्के मारत होता.

"आजी, अर्ज गठ्ठ्यावर टाका. आणि वर जरा वजन ठेवा," तो मान वर न करता म्हणाला.

आजी चपापली. कचेऱ्यांमध्ये कागदावर काय ठेवावं लागतं, हे तिने उभा जन्म ऐकलं होतं. पण इतकं उघड?

"वजन? अहो, आमच्याकडे वजन असतं, तर पोरीला इथे आणली असती का?"

सगळ्या रांगेने कान टवकारले.

"अहो, काहीही ठेवा. किल्ली ठेवा, जेवणाचा डबा ठेवा..."

"डबा? गरिबाचा डबासुद्धा सोडत नाही तुम्ही!"

"शरम आहे का!" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

"आई, अहो आई, तसं नाही," सून पदर ओढत होती. पण भोंगा एकदा सुरू झाला की पाळी सुटल्याशिवाय थांबत नसे. कारकुनाने कपाळाला हात लावला. नेमका तोच हात गठ्ठ्यावर होता.

कागद पाखरांच्या थव्यासारखे उठले. ज्याने त्याने झडप घालून आपापला पकडला. आजीचा सगळ्यांत वरचा, म्हणून तो सगळ्यांत आधी उडाला आणि समोरच्या खिडकीतून थेट गटारात गेला. सुनेने काठीने वर काढला, तेव्हा त्यावरची शाई गटाराच्या मालकीची झाली होती.

"उद्या या," कारकून दमून म्हणाला. "नवा अर्ज करा, पुन्हा वजन करा. बाळाचं, आजी! बाळाचं म्हणतोय मी!"

वाटेत सुनेने सगळं समजावून सांगितलं. आजीने ओला अर्ज झटकून पाहिला. मग म्हणाली, "जन्मभर ऐकलं, वजन ठेवल्याशिवाय कागद हलत नाही. आपलाच मेला वजन ठेवलं नाही म्हणून हलला."

शेजारची शिंपीण दारातच उभी होती. "ओळख काढा हो कुणाचीतरी. तुमच्या घरातल्या कुणाचं वजन आहे का कचेरीत?"

"बाई गं, तू तरी तो शब्द काढू नकोस," आजी म्हणाली. आत बाळ रडत होतं. रडणंही पातळ, पेजेसारखं.

दुसऱ्या दिवशी आजी तयारीनिशी निघाली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावायचा गुळगुळीत दगड तिने पिशवीत टाकला. कोपऱ्यावर पिशवीचा बंद तुटला, तेव्हा सून पाणी प्यायला नळावर गेली होती. आजीने दगड बाळाच्या पायाशी दुपट्यात खोचला आणि गाठोडं सुनेच्या हाती दिलं. तापातून उठलेल्या सुनेला हल्ली सगळंच जड लागे, त्यामुळे तिला काही कळलं नाही.

बाळ झोपलं होतं. "असू दे, उठवू नका. दुपट्याचं मी वजा करते," म्हणत नर्सबाईंनी गाठोडं तसंच झोळीत घातलं. सुई सर्रकन खाली गेली.

"अगंबाई! कालच्या घोळात मी चुकीचं लिहिलं वाटतं. ही तर चांगली गुटगुटीत आहे! भिंतीवर लावायला हिचा फोटो घेऊ या का?"

या नातीचं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. आजीचा चेहरा फुलला. "आमच्या घराण्याचं हाडच मोठं," ती म्हणाली.

"पण मग योजनेत नाही बसत हो."

फुललेला चेहरा तसाच राहिला आणि त्याच्याआड आजीला सगळं आठवलं. तिने झोळीत हात घालून हाड बाहेर काढलं. नर्सबाई दगडाकडे बघतच राहिल्या.

"आजी! आम्हाला फसवता?"

"अहो, फसवायचं असतं तर वजन काढून आणली असती पोरीला. घालून कशाला आणीन?"

हे नर्सबाईंना पटलं. त्यांनी बाळाला पुन्हा झोळीत घातलं. सुई कालच्याहून किंचित वरच थांबली. यावेळी काट्याला कोणी टपली मारली नाही.

खिडकीत आज दुसराच माणूस होता. कालचा रजेवर गेला होता, बहुतेक आजीच्याच पायी. वीज गेलेली, पंखा मेल्यासारखा लटकत होता. माणसाने अर्ज वाचला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "होईल काम. फक्त कागदावर थोडं वजन..."

"आणलंय की!" आजी म्हणाली आणि तिने दगड टेबलावर धाडकन ठेवला.

"हे काय?"

"वजन! तुम्हीच मागितलंत ना?" आजी अगदी मायेने बोलली, म्हणजे जिन्यापर्यंत ऐकू गेलं. मग तिची नजर वर गेली. "पण पंखा तर बंद आहे. मग वजन कशाला हवंय हो तुम्हाला?"

रांग हसली. साहेबांच्या खोलीचं दार किलकिलं झालं. त्या माणसाने इतक्या घाईने शिक्का मारला, की तो अर्धा टेबलावर उमटला.

दोघी जवळजवळ धावतच कचेरीच्या कोठारापाशी गेल्या. कोठाराला कुलूप होतं.

"माल संपला," पहारेकरी म्हणाला. "गाडी उद्या येईल. नाहीतर परवा. आली की पहिल्या चार जणांना मिळतं, मग पुन्हा संपतं."

सून पायरीवर बसली. तिला रडू आलं नाही. रडण्यापुरतंही अंगात काही उरलं नव्हतं. आजीने बंद दाराकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि हातातला दगड दाराच्या अगदी पुढ्यात ठेवला. "हा आमचा नंबर," तिने पहारेकऱ्याला बजावलं.

त्या रात्री घराचं दार वाऱ्यावर आपटत राहिलं.

सकाळी दोघी गेल्या. गाडी आली नव्हती. दगडामागे रांग लागली होती: फाटकी चप्पल, रिकामा डबा, एक वीट, बाळाचं एक टोपडं. माणसं भिंतीच्या कडेला बसून होती. दगड मात्र तसूभरही हलला नव्हता. उलट, येणारा-जाणारा त्याला वळसा घालून जात होता.

"बघ," आजी सुनेला म्हणाली, "झालं की नाही आपल्या घरातल्या कुणाचंतरी वजन कचेरीत?"

आणि ती त्याच्या शेजारी बसली.