नंबर त्रेचाळीस, रंग हस्तिदंती

"मी हरत नाही! हरतं ते माझं ग्राफिक्स कार्ड!"

कैरोच्या शुब्रा भागातल्या आपल्या नेहमीच्या कॉफीखान्यात टेबलावर मूठ आपटून तलअतने हे जाहीर केलं, तेव्हा चहाचे दोन ग्लास हवेत उडाले आणि शेजारच्या टेबलावर अगदी रंगात आलेला सोंगट्यांचा डाव विस्कटला. पाटबंधारे खात्यात आवक-जावक सांभाळणारा हा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ. दर शुक्रवारी दुपारी तो कॉलेजातल्या दमरदाशशी इंटरनेटवर फुटबॉल खेळायचा आणि दर शुक्रवारी न चुकता हरायचा. दमरदाश झगाझीग गावी दातांचा डॉक्टर होता. आज कधी नव्हे तो कैरोत आला होता, आणि आला तो चिडवायलाच.

"सहा वर्षं तुझं कार्डच हरतंय का रे?"

"सहा वर्षं! माझ्या पडद्यावर तुझा खेळाडू पाय उचलतो, आणि त्यानंतर थेट माझा गोलकीपर जाळ्यातून चेंडू काढताना दिसतो. मधलं काही दिसतच नाही! जे दिसत नाही ते अडवायचं कसं?"

"मग बदल कार्ड. पंधरा दिवसांनी शुक्रवारी शेवटचा सामना. हरेल त्याने कॉलेजच्या ग्रुपवर वर्षभर नाव लावायचं, 'अमक्याचा चेला'."

ग्रुपवर चौऱ्याऐंशी जण होते. त्यातला एक आता पाटबंधारे खात्यात तलअतचा साहेब होता.

"लावलं!" तलअत म्हणाला. "तू फक्त वर्षभर 'तलअतचा चेला' म्हणून दाढा उपटायची तयारी ठेव."

त्या दिवसापासून त्याने अभ्यासाला जी सुरुवात केली, ती पदवीच्या परीक्षेलाही केली नव्हती. कोणतं कार्ड किती गरम होतं, किती वीज खातं, जुन्या संगणकावर चालतं की रुसतं, हे सगळं त्याने रकाने आखून उतरवलं. हा तक्ता 'कालवा क्र. ९ – गाळ' या फायलीत असायचा. एकदा ती फाइल चुकून साहेबांच्या टेबलावर गेली. साहेबांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारून सही केली. तलअतने हा शुभशकुन मानला.

मग एका सकाळी रजा टाकून, घरातला संगणक चादरीत गुंडाळून, टॅक्सीत मांडीवर घेऊन तो बाब-अल-लूकच्या बाजारात गेला. वाटेत ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "आजारी कोण आहे?"

दुकानदाराचं नाव मुजाहिद. त्याने कॅबिनेट उघडलं, आत फुंकर मारली आणि पाच मिनिटं दोघंही खोकत राहिले.

"वय काय यांचं?" मुजाहिदने संगणकाकडे बोट दाखवून आदराने विचारलं.

"चौदा. आमच्या लग्नाइतकं."

"तब्येत छान ठेवलीत, इंजिनियरसाहेब. हे घ्या कार्ड. वापरलेलं आहे, पण कसं? एका बाईंचं होतं. फक्त ईदला लावायच्या."

कार्डाला हुक्क्याच्या तंबाखूचा असा वास येत होता, की त्या बाई बहुधा एखाद्या नेट कॅफेत चोवीस तास बसत असाव्यात. पण तलअतच्या तक्त्यात हेच कार्ड पहिल्या नंबरवर होतं. त्याने मान डोलावली.

"फक्त एक आहे," मुजाहिद म्हणाला. "याला वीज जास्त लागते. तुमचा पॉवर सप्लाय हे ओढणार नाही, डॉक्टर."

इंजिनियरचा डॉक्टर झाला, तेव्हाच तलअतने सावध व्हायला हवं होतं. पण बढती कुणाला नको असते? पॉवर सप्लाय बदलला.

"आणि आता बघा, कार्ड कॅबिनेटच्या बाहेर चार बोटं येतंय. पत्रा कापू का? की कॅबिनेटच बदलायचं, बाशा?"

बाशा! म्हणजे थेट सरदारकीच! तलअतचे पणजोबासुद्धा बाशा नव्हते. त्याने हात हलवून बाशासारखीच परवानगी दिली. जुनं कार्ड, जुना पॉवर सप्लाय आणि जुनं हस्तिदंती कॅबिनेट बदल्यात मुजाहिदकडे राहिलं. घरी आलं ते काळं, एका बाजूने काचेचं आणि आत सात रंगांचे दिवे फिरवणारं प्रकरण. बटण दाबलं, की मौलिदच्या जत्रेत मिठाईचं दुकान उघडल्यासारखं वाटायचं.

नशवाने, म्हणजे त्याच्या बायकोने, दारातच ते पाहिलं.

"जुना डबा कुठाय?"

"दिला बदल्यात! आता बघ तू, दमरदाशची कशी..."

"दिला? तलअत, तो डबा कुणाचा होता?"

"आपला."

"माझा! यादीतला! नंबर त्रेचाळीस!"

तलअत जागच्या जागी खुर्चीत बसला. खुर्चीही यादीतलीच होती, नंबर एकोणीस.

लग्नाच्या वेळी तलअतनेही सगळ्या नवऱ्यांसारखी सही केली होती: घरातल्या अमुक अमुक वस्तू बायकोच्या मालकीच्या, मागेल तेव्हा हजर करीन, नाही केल्या तर पोलीस ठाण्यात जाईन. सही करताना तो नशवाकडे बघत होता, कागदाकडे नाही. पण कागद लिहिला होता सासऱ्यांनी. हाज बसयूनी सरकारी गोदामात पस्तीस वर्षं भांडारपाल होते. त्यांच्या काळात गोदामातून एक खिळा हलला नाही, अशी त्यांची ख्याती होती. इतरांच्या यादीत 'संगणक एक' एवढंच असतं. हाजनी लिहिलं होतं: 'नं. ४३. संगणक एक, पूर्ण, सर्व आतील भागांसह. रंग हस्तिदंती.' शिवाय प्रत्येक वस्तूच्या पाठीवर लाल रंगाने स्वतः नंबर टाकला होता. तलअतच्या पाठीवर नंबर नव्हता, तो केवळ वेळ अपुरा पडला म्हणून.

"अगं, चौदा वर्षांत कधी तपासलंय का त्यांनी?" तलअत म्हणाला. "आता कशाला तपासतील?"

तेवढ्यात फोन वाजला. हाजच होते.

"तलअत, शुक्रवारी नमाजानंतर येतोय. तुझ्या मेहुणीचं, रबाबचं, जमत आलंय. पण मुलाची आई यादीवर सही करू देत नाही. म्हणते, असल्या याद्या कोण पाळतो! मी म्हटलं, चला, मोठ्या मुलीच्या घरी दाखवतो. चौदा वर्षं झाली, चमचासुद्धा हललेला नाही! एकेक वस्तू मोजून दाखवतो. माझी इज्जत तुझ्या हातात आहे, पोरा."

फोन ठेवताना तलअतच्या हातात इज्जत नव्हती, नुसता घाम होता. आणि शुक्रवारी नमाजानंतर दमरदाशशी सामनाही होता.

"बाबांचं नाक कापलं गेलं आणि रबाबचं लग्न मोडलं," नशवा थंडपणे म्हणाली, "तर मी फिर्याद करणार नाही. मी फक्त रोज त्याबद्दल बोलेन."

दुसऱ्या दिवशी तो धावत बाजारात गेला.

"गेला, बाशा!" मुजाहिद म्हणाला. "तुमच्या डब्यात तुमचंच कार्ड बसवलं, दुसरा बोर्ड घातला, पुसून चकाचक केला आणि गेला कालच. एक तरुण आला होता. लग्न ठरलंय म्हणाला, यादीत संगणक दाखवायचाय. पाठीवर त्रेचाळीस लिहिलेलं बघून खूश झाला. त्याला वाटलं, कंपनीचा तपासणी नंबर!"

"नाव? पत्ता?"

"आनंदी दिसत होता. एवढंच सांगू शकतो."

गुरुवारी तलअतने शेवटचा उपाय केला. नशवाच्या लाल नेलपॉलिशने काळ्या कॅबिनेटच्या पाठीवर ४३ काढले, तेही सासऱ्यांच्या वळणाने, चाराला शेपटी देऊन. शुक्रवारी मंडळी यायच्या तोंडावर त्यावर दुसरा जाड हात मारला. सामन्यासाठी संगणक चालू ठेवणं भाग होतं, आणि दिवे मात्र काही केल्या विझेनात. शेवटी नशवाने आपल्या आईने विणलेला क्रोशाचा रुमाल (नंबर सत्तावन्न) त्यावर घातला. रुमालाच्या भोकाभोकांतून आता लाल, हिरवा, जांभळा उजेड झिरपू लागला. पोटात आग असलेल्या म्हातारीने शाल पांघरावी तसं ते दिसत होतं.

नमाजानंतर मंडळी आली. पुढे हाज, नाकावर चष्मा आणि हातात चौदा वर्षांपूर्वीची यादी. मागे मुलाची आई, इनायातबाई, ओठ आवळून. सगळ्यात मागे होणारा नवरा इहाब, इतका संकोचलेला, की दारातच चपलांना सलाम करून मोकळा झाला.

"नंबर एक! स्वयंपाकाची शेगडी, चार बर्नरची!"

"आहे, बाबा."

"नंबर नऊ! चमचे बहात्तर!"

हाजनी बहात्तरच्या बहात्तर मोजले. एकाहत्तरावर थांबून इनायातबाईंकडे विजयी नजर टाकली आणि मग बहात्तरावा चमचा सोडला. शोकेसमधले चोवीस ग्लास मोजले. चौदा वर्षांत त्यांना पाण्याचा थेंब लागला नव्हता.

"चमचे मोजून संसार होतो का, हाज?" इनायातबाई म्हणाल्या.

"संसार कसाही होतो, बाई. चमचे मोजावे लागतात!"

एकेचाळीस झालं, बेचाळीस झालं. तलअतने मध्येच चहा आणला, बसबूसा ही रव्याची मिठाई आणली, हाजच्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघ्यांनी काही दाद दिली नाही.

"नंबर त्रेचाळीस! संगणक एक, पूर्ण. रंग हस्तिदंती!"

आणि हाजनी रुमाल उचलला.

खोलीत इंद्रधनुष्य उगवलं. हाजच्या पांढऱ्या दाढीवरून निळा गेला, गुलाबी आला.

"हे काय आहे?"

"संगणक एक," तलअत म्हणाला. "पूर्ण."

"रंग?"

"चौदा वर्षं झाली, हाज. ऊन, धूळ... जरासा काळवंडलाय."

"हस्तिदंत उन्हाने काळा पडतो, काच होतो आणि आतून दिवे लावतो?" हाजनी वाकून पाठीवरचा नंबर पाहिला. चेहरा क्षणभर सैलावला. त्यांनी चाराच्या शेपटीवरून प्रेमाने बोट फिरवलं. बोट लाल झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं. "तलअत, पस्तीस वर्षांत मी गोदामात पुष्कळ चोर पाहिले. नेलपॉलिशवाला पहिलाच!"

"पाहिलंत?" इनायातबाईंचे ओठ सुटले. "मोठ्या जावयाने डबा विकून खाल्ला आणि माझ्या इहाबने सही करायची? ऊठ रे, चल!"

नशवाने डोळे मिटले. तलअतने पोलीस ठाणं डोळ्यांपुढे आणलं. ते घरापेक्षा शांत दिसत होतं.

"अम्... माफ करा," इहाब म्हणाला. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "तो डबा हस्तिदंती होता ना? पाठीवर लाल त्रेचाळीस? चाराला अशी शेपटी?"

"होती!" हाज ओरडले.

"तो... माझ्याकडे आहे. रबाबच्या यादीसाठी घेतला. दुकानदार म्हणाला, कंपनीचा नंबर आहे."

"इहाब," इनायातबाई हळूच म्हणाल्या, "आपण यादीत 'संगणक एक, नवा, सीलबंद' लिहिलंय ना?"

दिवे तेवढे फिरत राहिले. मग हाज खाली बसले आणि पोट धरून असे हसले, की क्रोशाचा रुमाल खाली पडला.

"म्हणजे वस्तू गहाळ नाही! एका गोदामातून दुसऱ्या गोदामात गेली, तेही माझ्याच! इनायातबाई, 'नवा' खोडा, मी ओरडणार नाही. पण तुमचा मुलगा सही करेल."

इनायातबाईंनी बसबूसेचा मोठा तुकडा उचलला. म्हणजे मान्य.

"आणि हे दिवेवालं?" तलअतने घाबरत विचारलं.

हाजनी पेन काढलं. यादीच्या तळाशी लिहिलं: 'नं. ११८. डबा एक, काळा, दिवे लागणारा, चित्रांच्या कार्डासह. मालक : नशवा.'

"कर सही!"

तलअतने सही केली. या वेळी कागद वाचून केली. म्हणून जास्त दुखलं.

तेवढ्यात हेडफोनमधून दमरदाशचा आवाज आला. "चेल्या! आहेस का? कार्डाला बरं नाही का?"

"हे कोण?" हाजनी विचारलं. तलअतने सगळं सांगितलं. हाज खुर्ची ओढून बसले. "मुलीची वस्तू आहे. चालवून बघितल्याशिवाय ताब्यात कशी घ्यायची? खेळ!"

"खेळ तू," नशवा म्हणाली. "मालकिणीची परवानगी आहे."

सगळे मागे अर्धवर्तुळात बसले. सामना सुरू झाला आणि तलअत खुर्चीत पुढे सरकला. मैदानावर गवताचं पातं न् पातं दिसत होतं! दमरदाशच्या खेळाडूच्या कपाळावर घाम दिसत होता! त्याने पाय उचलला, चेंडू निघाला, हवेत सावकाश फिरला, त्यावरची शिवणसुद्धा दिसली, आणि तलअतच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून निघून जाळ्यात गेला. संथ, स्वच्छ, एक क्षणही न अडकता.

मग दुसरा गेला. मग तिसरा. चौथा तलअतने स्वतःच आपल्या जाळ्यात मारला. तोही फार सुंदर दिसला.

"सात-शून्य!" दमरदाश म्हणाला. "काय रे, आज कुठे अडकलं?"

"नाही," तलअत म्हणाला. "आज कुठेच नाही."

इहाबने जमिनीकडे पाहिलं. इनायातबाईंनी चहा मागितला. हाजनी शांतपणे चष्मा पुसला, यादी गुडघ्यावर ठेवली आणि नंबर एकशे अठरापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात गोदामाच्या वळणदार अक्षरात लिहिलं:

'तपासले. कार्ड उत्तम चालते. खेळणारा जुनाच आहे.'