हजार चोवीस टोकनांचं प्रकरण

डेल्रॉय स्वतःची ओळख 'मरोळचा एकमेव सॉफ्टवेअर-गुप्तहेर' अशी करून देई. "माझी नजर कोडच्या आरपार जाते," तो म्हणे. ते खरंच होतं. वाटेतलं कोड तिला दिसतच नसे. त्याच्या फळ्यावर लिहिलं होतं: 'सोडवलेली प्रकरणं सहा. पकडलेले गुन्हेगार शून्य.' हे दोन आकडे एकत्र कसे नांदतात, हे विचारायचं धाडस त्याच्या मदतनीस ज्युलियाने केलं नव्हतं. तिची नोकरी अजून कच्ची होती.

आणि आज तीही जायच्या बेतात होती. त्यांच्या कंपनीच्या गाळ्यात बनणारा प्रोग्रॅम हजारो ऑब्जेक्ट फाइली, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेले कोडचे तुकडे, वाचून त्यांची यादी करी. सोमवारपासून तो मध्येच मान टाकत होता. फाइली उघडणारी लायब्ररी, म्हणजे त्या कामाचा कोडचा संच, ज्युलियाकडे. साहेब राजेश यांनी निकालच लावला होता: चारपर्यंत दोषी सापडला नाही, तर दोषी ज्युलिया.

"पडद्यावर स्पष्ट आलंय ना, 'उघड्या फाइली फार झाल्या'," ज्युलिया म्हणाली. "प्रत्येक उघड्या फाइलीला संगणक एक नंबर देतो, टोकनसारखा. टोकनं हजार चोवीस. संपली की वाट लागली."

"गुन्हेगाराला हेच हवंय, की आपण ते वाचावं. मी वाचलंच नाही."

"पण आपली लायब्ररी एका वेळी शंभरच फाइली उघड्या ठेवते रे. नवी आली की सगळ्यात जुनी बंद करते, लागली तर पुन्हा उघडते. कोड बघू दे ना मला!"

"पंचनामा होईपर्यंत कोडला हात लावायचा नाही."

मग तर्कांना ऊत आला. आधी मालाडची प्रतिस्पर्धी कंपनी. मग वायर कुरतडणारा उंदीर. मग हिशेबनीस किरण, कारण प्रोग्रॅम पडला तेव्हा तो दोनदा शिंकला होता. प्रत्येक तर्काला नवा चहा लागे. ज्युलिया घड्याळाकडे बघत होती आणि तिला रडू येत होतं.

साडेतीनला पॅन्ट्रीतली सुगंधा आत आली.

"माझे बाराच्या बारा कप इथं अडकलेत. द्या इकडं."

"ते पुरावे आहेत, सुगंधाबाई. परवानगीशिवाय उचलायचे नाहीत, तशी चिठ्ठीच लावलीय मी."

"मग बाकीच्यांना चहा काय ओंजळीत देऊ? जुना कप परत आला की नवा भरून मिळतो, पॅन्ट्रीचा साधा नियम आहे. तुम्ही नुसतं घेत सुटलाय!"

ज्युलिया ताडकन उठली आणि पंचनाम्याची पर्वा न करता तिने कोड उघडलं. जुनी फाइल बंद करणारी ओळ कुणीतरी निकामी करून ठेवली होती. वर टीप होती.

दारात राजेश उभे होते. "कोण?"

ज्युलियाने मोठ्याने वाचलं, "'पुराव्याशी छेडछाड नको, म्हणून एकही फाइल बंद करू नये. हुकमावरून, डेल्रॉय. सोमवार.'"

तिने ओळ पूर्ववत केली. प्रोग्रॅम नऊ हजार फाइली सरसर वाचून मोकळा झाला. "तुझं कायम नोकरीचं पत्र उद्या घे," राजेश एवढंच म्हणाले आणि डेल्रॉयकडे बघत राहिले.

डेल्रॉय मात्र शांतपणे फळ्याकडे गेला. 'सोडवलेली प्रकरणं सात,' त्याने लिहिलं. 'पकडलेले गुन्हेगार एक.' मग त्याने अभिमानाने चहा मागवला.

सुगंधाने आधी कप मागितला.