चांगलं गाणं

पडद्यावरची आई तिरडीवर चढली, नायकाने छाती बडवून घेतली आणि शिवक्कोळुंदु पंडितांचं गाणं सुरू झालं.

मन्नारगुडीच्या त्या थिएटरात पंडित पहिल्याच रांगेत बसले होते. शेजारी बायको वडिवांबाळ नवं लुगडं नेसून, तिच्या पलीकडे मुलगी पूंगोदै. मागच्या दोन रांगा शाळेतल्या मास्तरांनी भरल्या होत्या आणि त्या सगळ्यांना पंडितांनीच आग्रहाने आणलं होतं.

"अहो," वडिवांबाळ कानाशी लागली, "हे तर आपल्या कुंजम्माच्या लग्नातलं!"

तेच होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी धाकटी बहीण सासरी निघाली तेव्हा पंडितांनी ते रचलं होतं.

सुखाने जा, तिकडे दिवा लावून ठेवलाय,
चटई अंथरून तुझी वाट पाहतात.
पाऊल उचललंस,
आता मागे वळून पाहू नकोस.

पुढे त्यांनी पदरमोड करून कवितांचं एक लहानसं पुस्तक छापलं. तंगरासु नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी मद्रासला सिनेमात लागला होता. त्याने ते पुस्तक तिकडे नेलं आणि पत्र धाडलं, 'अय्या, गुरुजी, तुमचं निरोपाचं गाणं घेतलं आहे. फार हृद्य प्रसंग आहे.' निरोप कोणाचा, हे विचारायचं पंडितांना सुचलं नव्हतं.

थिएटर हुंदके देत होतं. गणिताचे मास्तर पंडितांचा खांदा दाबून म्हणाले, "पंडित, माझी आई डोळ्यांसमोर उभी राहिली हो!" त्यांची आई गेल्याच पावसाळ्यात गेली होती. "तुमची कृपा," एवढंच पंडित म्हणाले.

महिन्याभरात ते गाणं गावात रुळलं. कोणाकडे माणूस गेलं की माईकवाला अंबलम मांडवाच्या बांबूला कर्णा बांधायचा आणि पहिली तबकडी तीच लावायचा. सकाळी सकाळी 'सुखाने जा' ऐकू आलं की लोक आंघोळीचं पाणी तसंच ठेवून विचारत, "कोण गेलं?"

"अंबलम, अरे ते लग्नाचं गाणं आहे," पंडितांनी त्याला बाजारात गाठून सांगितलं.

"अय्या, लग्नात लावून मार खाऊ का? आणि खरं सांगू? हे लागल्याशिवाय प्रेत उचलायला माणसं तयार होत नाहीत. परवा तबकडी अडकली, तर वरच्या आळीतली म्हातारी तासभर खोळंबली!"

इथवर पंडितांना थोडं वाईट आणि थोडं बरंही वाटत होतं. तीस वर्षं वर्गात कविता शिकवली, एकाही पोराच्या लक्षात राहिली नाही. आता सगळ्या गावाला त्यांच्या चार ओळी पाठ होत्या.

मग हेडमास्तर आजारी पडले. पंडित डब्यात रसम घेऊन भेटायला गेले. हेडमास्तरांच्या बायकोने दार चार बोटं उघडलं, पंडितांना पाहिलं आणि ती दारातच घट्ट उभी राहिली.

"झोपलेत."

आतून हेडमास्तरांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"कोणी नाही!" बाई ओरडल्या. मग हात जोडून हळूच म्हणाल्या, "पंडित, राग मानू नका. डॉक्टर म्हणालेत, दोन दिवस जपायला हवं. तुम्ही पुढच्या आठवड्यात या. नाहीतर असं करा, येऊच नका."

हेडमास्तर तिसऱ्या दिवशी गेले. पंडित दारापर्यंत जाऊन आले होते, हे तोवर गावभर झालं होतं. त्यानंतर बाळंतिणीच्या घरावरून पंडित निघाले की आतून खिडकी लागे. समोरून येणारे रस्ता ओलांडत. पानवाला सुट्टे देताना हाताला हात लागू देत नसे. वडिवांबाळला हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. पंडितांना बरं वाटलं होतं ते आटलं, नुसतं वाईट उरलं.

आणि घरात बावीस वर्षांची पूंगोदै लग्नाची होती.

तंजावूरचं एक स्थळ बघायला येणार होतं. मुलगा शिकलेला, बाप पोस्टमास्तर. ही मंडळी गावाबाहेरची, त्यांना कशाचीच माहिती नव्हती. वडिवांबाळने नवऱ्याला बजावलं, "तुम्ही तमिळ शिकवता, एवढंच सांगायचं. कविता हा शब्दसुद्धा काढायचा नाही."

"मी कशाला काढतोय?"

मंडळी आली. शिरा झाला, केळ्याची भजी झाली, पूंगोदैने खाली मान घालून एक पद म्हटलं. पोस्टमास्तर खूश होऊन होकाराच्या तांबुलाचं ताट पुढे ओढणार, तेवढ्यात मागच्या आळीत कर्णा खरखरला आणि गाणं सुरू झालं.

पूंगोदैने डोळे मिटले. वडिवांबाळने भज्यांचं भांडं जरा जोरातच आपटलं. पोस्टमास्तर मात्र मान डोलवू लागले.

"काय शब्द आहेत! माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही हेच लावलं. 'चटई अंथरून तुझी वाट पाहतात.' वा! देवाचा माणूस असला पाहिजे लिहिणारा. कोण हो हा?"

"कुणास ठाऊक!" वडिवांबाळ घाईने म्हणाली. "भजी घ्या ना आणखी."

पंडितांनी पंच्याचं टोक हातात घट्ट धरलं होतं. पण आयुष्यात कोणी त्यांच्या ओळीला 'वा' म्हटलं नव्हतं, आणि हा माणूस आता दुसऱ्यांदा 'वा' म्हणाला.

"मी," पंडित म्हणाले.

मुलाच्या आईने तोंडापाशी नेलेला शिऱ्याचा घास पुन्हा ताटलीत ठेवला. पोस्टमास्तरांना एकाएकी बस आठवली.

दोन महिन्यांत अशी तीन स्थळं हुकली. वडिवांबाळने नवऱ्याशी बोलणं टाकलं. पंडित मग मद्रासला गेले, पडद्यावरून आपलं नाव तरी काढा म्हणून सांगायला. निर्माता वेलप्पन त्यांच्या पायाच पडला.

"नाव काढायचं? अय्या, पुढच्या वेळी डबल मोठ्या अक्षरांत घालतो! आता नायकाची बायको मरते. बाळंतपणात. आहे का काही तयार?"

पंडित परतले तेव्हा कुंजम्मा आली होती. वेदारण्यमला तिच्या नवऱ्याचा मिठाचा धंदा होता. ती सहसा माहेरी यायची नाही. आली तरी दुसऱ्या दिवशी निघायची आणि कसं चाललंय विचारलं तर 'चाललंय' म्हणायची. स्थळं मोडल्याचं कळून ती आली होती आणि माजघरात पाय पसरून शेवग्याचा पाला निवडत होती.

पंडितांनी तिच्याजवळ मन मोकळं केलं. "तुझ्यासाठी लिहिलं गं ते. मंगल कार्यातलं. आणि या गाढवांनी मढ्यावर घातलं! एवढं साधं कळू नये?"

कुंजम्मा निवडत राहिली.

"त्यांना कळलं, अण्णा," ती म्हणाली. "मी गाडीत बसले होते, तू म्हणत होतास, सगळे रडत होते. मला तेव्हाच वाटलं, हे मला पोचवायला निघालेत."

"कुंजम्मा, काय बोलतेस!"

"दिवा होता तिकडे. सासूच्या हातात. तोंड बघायला जवळ आणला तो इतका, की भुवई जळाली. पहिल्या महिन्यात दोनदा निघाले होते मी. कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत. मग तुझी ओळ आठवायची, मागे वळून पाहू नकोस. तू एवढा शिकलेला, विचार करूनच लिहिलं असशील, असं वाटायचं." तिने काड्या बाजूला सारल्या. "गाणं चांगलं आहे. तिकडे सगळ्यांना आवडतं."

पंडित त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कुंजम्मा गेली. त्यानंतर त्यांनी वही उघडली नाही.

पूंगोदैचं शेवटी जमलं. मुलगा तिरुत्तुरैपूंडीच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवायचा. रोज इतकी मरणं लिहून त्याच्या घरात मरणाची कोणाला भीतीच उरली नव्हती. लग्न रीतसर झालं. कुंजम्मा नवऱ्यासोबत आली होती, आणि तो जेवणात मीठ कमी असल्याचं पंगतीत तीनदा बोलून दाखवत होता.

निघायची वेळ झाली. पूंगोदै पाया पडली, पंडितांनी घसा साफ केला, आणि सगळा मांडव चिडीचूप झाला. वडिवांबाळने त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

"पोरी," पंडित म्हणाले, "तिथून इकडे यायला साडेपाचची बस असते. काही वाटलं तर बसायचं आणि यायचं. कारण सांगायचं नाही, कोणाला विचारायचं नाही."

व्याह्यांनी आजूबाजूला पाहिलं. "हा आशीर्वाद झाला का?" त्यांनी भटजींना विचारलं. भटजींनी घाईने अक्षता टाकल्या.

आठव्या दिवशी तिन्हीसांजेला दार वाजलं. पंडितांनी धावत जाऊन कडी काढली.

दारात कुंजम्मा उभी होती. हातात पत्र्याची ट्रंक, ओठ एका बाजूला सुजलेला.

"आमच्याकडून तीनची आहे," ती म्हणाली. "साडेपाचची नाही."

पंडितांना आधी उलगडाच होईना. "अगं, ते मी पूंगोदैला म्हटलं होतं."

"मी तिच्या शेजारीच उभी होते, अण्णा."

पंडितांनी वाकून ट्रंक उचलली. अठ्ठावीस वर्षांच्या संसाराच्या मानाने ती फारच हलकी होती.

"कोण आलंय हो?" आतून वडिवांबाळने विचारलं.

"कुंजम्मा," पंडित म्हणाले. "एक पान वाढव."